मिस्सा मराठीत आली, लॅटिन कुठे गेली?

वसईतल्या एखाद्या चर्चमध्ये रविवारी सकाळी गेलात, तर मराठी गायन ऐकू येईल, शुभवर्तमान मराठीत वाचलं जाईल आणि वेदीमागे उभे असलेले फादर तुमच्याकडे तोंड करून बोलत असतील. एखाद्या मोठ्या सणाला आरतीचं तबक दिसेल, समईही पेटलेली दिसेल. बाहेरून आलेले मित्र हे पाहून हमखास विचारतात, ‘हे तुमच्यात कधीपासून?’ आम्हा कॅथलिकांतलेही काही जण हाच प्रश्न विचारतात, फक्त त्यांचा सूर निराळा असतो: ‘हे आपल्यात कधीपासून?’

सरळ उत्तर सोपं आहे. १९६०च्या दशकापासून. पण तेवढ्यावर थांबलं, तर दोन हजार वर्षं जुनी संस्था बदलते कशी, आणि बदलूनही ‘आम्ही तेच आहोत’ असं म्हणते कशी, हे कळत नाही. ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी मिस्सा म्हणजे काय ते सांगतो. येशूने शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या भोजनाची आणि त्याच्या बलिदानाची आठवण म्हणून होणारी ही कॅथलिकांची मुख्य उपासना. त्यात भाकर आणि द्राक्षारस ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, अशी श्रद्धा आहे. रविवारी मिस्सेला जाणं हे प्रत्येक कॅथलिकाचं कर्तव्य मानलं जातं. त्यामुळे तिच्यात काही बदललं की तो बदल थेट घराघरात पोहोचतो.

आज सत्तरी ओलांडलेल्यांनी लहानपणी पाहिलेली मिस्सा वेगळी होती. फादर वेदीकडे तोंड करून उभे असायचे. प्रार्थना लॅटिनमध्ये, आणि त्यातला सर्वांत पवित्र भाग अगदी हळू आवाजात, पहिल्या बाकावरही ऐकू जाणार नाही असा. लोक आपापली जपमाळ ओढत असायचे. फादर भाकर उंच धरायचे, तेव्हा वेदीसेवक मुलगा घंटी वाजवायचा. आता वर बघा, याची ती खूण होती. बायकांची डोकी झाकलेली असायची. शब्द कळत नसत, पण आपण कुठल्या तरी मोठ्या गोष्टीसमोर गुडघे टेकले आहेत, हे कळायचं. त्या मिस्सेबद्दल जुनी माणसं बोलतात तेव्हा त्यांच्या आवाजात हळहळ असते, आणि ती खरी असते.

हे चित्र बदललं ते दुसऱ्या व्हॅटिकन महासभेमुळे. पोप तेविसावे जॉन निवडून आले तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. हे वयस्कर पोप थोडा काळ गादी सांभाळतील, एवढीच अनेकांची अपेक्षा होती. त्यांनी तीनच महिन्यांत, २५ जानेवारी १९५९ रोजी, जगभरच्या बिशपांची महासभा बोलावत असल्याचं जाहीर केलं. ११ ऑक्टोबर १९६२ ते ८ डिसेंबर १९६५ या काळात, दर वर्षी शरद ऋतूत, दोन हजारांहून जास्त बिशप रोमला जमत राहिले. जॉन यांचं १९६३मध्ये निधन झालं आणि पुढची सूत्रं सहाव्या पॉल यांच्याकडे गेली. महासभेने एकूण सोळा दस्तऐवज मंजूर केले. त्यातला पहिला उपासनेविषयीचा होता. ४ डिसेंबर १९६३ रोजी त्याच्या बाजूने २,१४७ मतं पडली आणि विरोधात ४.

या दस्तऐवजात लॅटिन काढून टाका असं लिहिलेलं नाही. उलट लॅटिन जपावी असं म्हटलं आहे, आणि लोकांच्या भाषेला जास्त वाव द्यावा असंही म्हटलं आहे. बिशपांनी दार किलकिलं केलं आणि पुढच्या चार-पाच वर्षांत ते सताड उघडलं. ७ मार्च १९६५ रोजी स्वतः पोपने रोमच्या एका चर्चमध्ये इटालियनमध्ये मिस्सा केली. मिस्सेची नवी संहिता १९६९मध्ये आली. देशोदेशींच्या लोकांना आपली भाषा कानावर पडताच इतकं जवळचं वाटलं, की अर्ध्यावर थांबणं कुणालाच शक्य झालं नाही. माझ्या मते हे चांगलंच झालं. तरीही ‘महासभेने एवढं सांगितलं नव्हतं’ असं जुन्या मिस्सेचे चाहते म्हणतात, तेव्हा कागदावर त्यांचं म्हणणं चुकीचं नसतं.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न. चर्च काय बदलू शकतं आणि काय नाही, हे ठरतं कसं?

कॅथलिक विचारात ‘परंपरा’ या एका शब्दाखाली किमान दोन गोष्टी येतात. एक म्हणजे येशूच्या शिष्यांपासून हातोहात आलेला विश्वास: देव कोण, येशू कोण, मिस्सेत काय घडतं. चर्च स्वतःला याचं मालक मानत नाही, राखणदार मानतं. दुसरी म्हणजे त्या विश्वासाभोवती काळाच्या ओघात जमलेल्या चालीरीती आणि नियम. हे चर्चनेच केलेले असल्यामुळे चर्च ते बदलू शकतं.

कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सेत ती भाकर ग्रहण करण्याच्या, आधीच्या उपवासाचं उदाहरण घेऊ. पूर्वी कम्युनियन घ्यायचं तर मध्यरात्रीपासून अन्न नाही, पाणीही नाही. १९५३मध्ये पाण्याला मुभा मिळाली, १९५७मध्ये उपवास तीन तासांवर आला आणि १९६४मध्ये एका तासावर. पण कम्युनियनमध्ये ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो या श्रद्धेतला एक शब्दही या काळात हलला नाही. उपवास हा नियम, उपस्थिती हा विश्वास.

असंच फादरांनी लग्न न करण्याचं. बाहेरचे लोक दोन प्रश्न एका दमात विचारतात: ‘तुमचे फादर लग्न का करत नाहीत, आणि बायका फादर का होत नाहीत?’ चर्चच्या दृष्टीने हे दोन प्रश्न दोन वेगळ्या थरांतले आहेत. ब्रह्मचर्य हा लॅटिन परंपरेतला, म्हणजे बहुतेक कॅथलिक ज्या रोमच्या परंपरेत येतात तिचा, नियम आहे. पोपला मानणाऱ्याच काही पौर्वात्य चर्चमध्ये, उदाहरणार्थ युक्रेनच्या ग्रीक कॅथलिक चर्चमध्ये, विवाहित फादर असतात. अँग्लिकन पंथातून, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून, आलेल्या काही विवाहित धर्मगुरूंना लॅटिन चर्चनेही फादर केलं आहे. स्त्रियांच्या बाबतीत मात्र दुसऱ्या जॉन पॉल यांनी १९९४मध्ये लिहिलं की हा बदल करण्याचा अधिकारच चर्चला नाही. कितीतरी कॅथलिकांना, त्यांत श्रद्धाळू स्त्रियाही आल्या, हे उत्तर पटत नाही. पण वाद नेमका कशावर आहे ते यातून दिसतं: ही गोष्ट कोणत्या थरात बसते?

आणि विश्वासाचा गाभा तरी जसाच्या तसा राहतो का? पाचव्या शतकात लेरॅन्सच्या व्हिन्सेंट या संन्याशाने एक दाखला दिला होता: मूल वाढून माणूस होतं, अवयव मोठे होतात, पण ते त्याचेच असतात. इंग्लंडच्या जॉन हेन्री न्यूमन यांनी १८४५मध्ये याच धाग्यावर सविस्तर लिहिलं आणि त्याच वर्षी ते कॅथलिक झाले. वाढ ओळखायची कशी आणि बिघाड ओळखायचा कसा, हा त्यांचा प्रश्न आजही सुटून संपलेला नाही. २०१८मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या अधिकृत शिकवणीत बदल करून मृत्युदंड अस्वीकार्य ठरवला. एकेकाळी चर्चने तो मान्य केला होता. मग ही वाढ, की उलट फिरणं? मला ती वाढ वाटते, पण दुसरी बाजू मांडणारे लोक मूर्ख नाहीत.

जुन्याचा आग्रह धरताना एक गोष्ट अनेकदा विसरली जाते: जुनं म्हणजे बहुतेक वेळा आधीचं नवं. येशू अरामी बोलायचा. रोममधले पहिले ख्रिस्ती ग्रीकमध्ये उपासना करायचे. चौथ्या शतकात रोमच्या सामान्य लोकांना ग्रीक कळेनाशी झाली, म्हणून मिस्सा लॅटिनमध्ये आली. तेव्हा लॅटिन ही बाजारहाटाची भाषा होती. मिस्सेत ‘किरिये एलेइसोन’ हे ग्रीक शब्द आणि ‘आमेन’, ‘आलेलुया’ हे हिब्रू शब्द तसेच राहिले. जुन्या लॅटिन मिस्सेची जी संहिता आज कवटाळली जाते, ती १९६२ची आहे. तिच्या मध्यवर्ती प्रार्थनेत संत जोसेफचं नाव पोप जॉन यांनी त्याच वर्षी घातलं.

भारताकडे येऊ. डिसेंबर १९६४मध्ये सहावे पॉल आंतरराष्ट्रीय युखरिस्त (म्हणजे मिस्सेतलं पवित्र भोजन) परिषदेसाठी मुंबईला आले. भारतात आलेले ते पहिले पोप. इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी उपनिषदातली ‘असतो मा सद्गमय’ ही प्रार्थना उद्धृत केली. त्याच्या पुढच्या वर्षी महासभेने जाहीर केलं की इतर धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे, त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही. १९६९च्या एप्रिलमध्ये भारतीय बिशपांनी मागितलेल्या बारा सवलतींना रोमने मंजुरी दिली: जमिनीवर बसून मिस्सा करणं, पादत्राणं काढणं, हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, आरती, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, फादरांच्या झग्याऐवजी शाल, अशा त्या सवलती. या कामामागे बंगळूरच्या, कॅथलिक उपासना आणि धर्मशिक्षणाच्या राष्ट्रीय केंद्रातले फादर अमलोरपवदास यांचा मोठा वाटा होता.

वाद लगेच पेटला. काहींना हे चर्चचं हिंदूकरण वाटलं. काही हिंदूंना, उलट, धर्मांतरासाठी घेतलेलं सोंग वाटलं. तिसरी टीका नंतर आली, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. दलित ख्रिस्ती विचारवंतांनी विचारलं: ‘भारतीय संस्कृती म्हणून तुम्ही जे उचलता, ते कुणाचं? संस्कृत मंत्र, भगवी शाल, समई, हे सगळं वरच्या जातींचं. ज्या व्यवस्थेतून आम्ही बाहेर पडलो, तिचीच चिन्हं वेदीवर आणता?’ हा प्रश्न महाराष्ट्राला थेट लागू होतो, कारण अहिल्यानगर जिल्ह्यातले आणि मराठवाड्यातले बहुसंख्य कॅथलिक दलित समाजातले आहेत. श्रीरामपूरजवळ हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, त्या यात्रेची चाल कुठल्या समितीने रोमकडून मंजूर करून आणलेली नाही. येशूच्या आईला, मारियेला, ‘मतमाउली’ म्हणणं लोकांनीच आपल्या जिभेवर रुळवलं आहे. माउली हा शब्द या मातीत कुठून येतो, ते मराठी माणसाला सांगायला नको.

या बारा सवलतींनाही एक पूर्वज आहे. इंग्लंडहून आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६मध्ये गोव्यात राचोल इथे येशूचं चरित्र मराठी ओव्यांत छापलं. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि त्यात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द. मराठी थोरवी गाणारी त्यातली ओवी शाळेत अनेकांनी वाचली असेल. पुढे वारं फिरलं. १७३६मध्ये गोव्याच्या धर्मन्यायालयाने, म्हणजे इन्क्विझिशनने, नवख्रिस्ती लोकांच्या चालीरीतींवर लांबलचक बंदी घातली. लग्नात हळद लावायची नाही, विडा आणि फुलं वाटायची नाहीत, लग्नातली गाणी म्हणायची नाहीत, अंगणात तुळस ठेवायची नाही.

चर्चने बंदी घातली, आणि लोकांनी काय केलं? गोव्यातल्या कॅथलिक लग्नात आजही ‘रोस’ असतो, म्हणजे नवरा-नवरीला नारळाचं दूध लावून न्हाऊ घालणं. मुंबईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठीभाषक कॅथलिकांच्या, लग्नात हळद असते आणि ‘उंबराचं पाणी’ आणायला वाजतगाजत जातात. चर्चमध्ये पोर्तुगीज पद्धतीने शपथा झाल्या, पण मांडव आपलाच राहिला. कुणी बंड पुकारलं नाही. जे चर्चमधून हाकललं गेलं, ते घराच्या पडवीत येऊन बसलं.

बदल पचवण्याची कॅथलिकांची खरी रीत मला इथे सापडते. वरून आलेला आदेश लोक मानतात, आणि सुटणारी गोष्ट दुसऱ्या जागी ठेवून देतात.

सगळ्यांना ते जमत नाही, हेही खरं. फ्रान्सचे आर्चबिशप मार्सेल लेफेव्र यांनी १९७०मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एक धर्मगुरू संघ काढला आणि नवी मिस्सा नाकारली. त्यांचं भांडण फक्त लॅटिनसाठी होतं असं समजू नये. प्रत्येक माणसाला धर्मस्वातंत्र्याचा हक्क आहे, असं महासभेने १९६५मध्ये म्हटलं, आणि एकोणिसाव्या शतकातले पोप या कल्पनेवर तुटून पडले होते. लेफेव्र यांच्या मते ही वाढ नव्हती, घात होता. १९८८मध्ये रोमची परवानगी नसताना त्यांनी चार बिशप अभिषिक्त केले आणि त्यांच्यावर बहिष्कार आला. २००७मध्ये सोळाव्या बेनेडिक्ट यांनी जुन्या मिस्सेला बरीच मोकळीक दिली आणि २००९मध्ये त्या चार बिशपांवरचा बहिष्कार उठवला. २०२१मध्ये फ्रान्सिस यांनी ती मोकळीक पुन्हा आवळली, कारण त्यांच्या मते तिच्या आडून महासभाच नाकारली जात होती.

या जुन्या मिस्सेला आज जाणाऱ्यांत तरुण बरेच आहेत. दर वर्षी पेंटेकॉस्ट या सणाच्या सुमारास पॅरिस ते शार्त्र असे तीन दिवस, सुमारे शंभर किलोमीटर चालत जाणाऱ्या यात्रेकरूंत बहुतेक जण महासभेनंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेले असतात. त्यांनी लॅटिन मिस्सा गमावलेलीच नव्हती, त्यांना ती सापडली. मौन, धूप आणि न कळणाऱ्या भाषेतलं गूढ त्यांना हवंसं वाटतं. जुन्या पद्धतीत फादर ‘लोकांकडे पाठ’ करतात, असं म्हटलं की ते दुखावतात, आणि त्यांचं उत्तर आपल्याला सहज कळण्यासारखं आहे. देवळातला पुजारी मूर्तीकडे तोंड करून पूजा करतो, त्याने भाविकांकडे पाठ फिरवली असं कुणी म्हणतं का?

तोंड कुठे करायचं यावरून केरळात काय झालं ते पाहा. तिथलं सिरो-मलबार चर्च पोपला मानतं, पण त्याची उपासना पूर्व सिरियन परंपरेतली. १९८८मध्ये स्थापन झालेलं त्यांचं कल्याण धर्मप्रांत महाराष्ट्रातल्या मलयाळी कुटुंबांसाठीच आहे. त्यांच्या बिशपांनी एक मधला मार्ग ठरवला: सुरुवातीला आणि शेवटी फादर लोकांकडे पाहतील, मधल्या पवित्र भागात वेदीकडे. २०२१च्या नोव्हेंबरपासून ते लागू झालं, आणि एर्नाकुलम-अंगमाली धर्मप्रांतातल्या बहुसंख्य फादरांनी आणि लोकांनी ते मानलं नाही. त्यांच्याकडे जवळपास पन्नास वर्षं पूर्ण मिस्सा लोकांकडे तोंड करूनच होत आली होती. उपोषणं झाली, हाणामारी झाली, २०२२च्या अखेरीस तिथलं मुख्य चर्च बंद ठेवावं लागलं. ज्यांनी एकदा बदल मनापासून स्वीकारला, त्यांचीच ती परंपरा झाली, आणि जुन्याकडे परत चला म्हणणारेच तिथे नवं काही लादणारे ठरले. हा झगडा वाचताना मला फार वाईट वाटतं, कारण भांडणाऱ्या दोन्ही बाजूंचं मिस्सेवर प्रेम आहे.

काही बदल मात्र गाजावाजा न होता मुरतात. दहन घ्या. १८८६मध्ये रोमने कॅथलिकांना दहनाची मनाई केली, कारण युरोपात तेव्हा काही गट पुनरुत्थानाची, म्हणजे मेलेली माणसं पुन्हा उठतील ही, श्रद्धा नाकारण्यासाठीच दहनाचा प्रचार करत होते. १९६३मध्ये मनाई उठली. हेतू श्रद्धेला विरोध करण्याचा नसेल, तर दहन चालेल. मुंबईत कबरींसाठी जागा किती अपुरी आहे हे ठाऊक असलेल्यांना या मुभेचं मोल कळेल. पण अस्थींचं विसर्जन? २०१६च्या सूचनेनुसार रक्षा पवित्र जागी ठेवायची, विखरायची नाही, घरी ठेवायची नाही. पुनरुत्थान देहासकट होणार, म्हणून देहाचे अवशेष सांभाळायचे. नियम सैल झाला, त्यामागची श्रद्धा जागची हलली नाही. उपवासाचंच उदाहरण पुन्हा, फक्त स्मशानात.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे. लॅटिन कुठे गेली?

मे हा मारियेचा महिना. गोव्यात संध्याकाळी वाड्यावरच्या क्रुसापाशी किंवा कुणाच्या घरच्या ओसरीवर ‘लादाइन’ होते, मारियेच्या नावांची लांब प्रार्थना. व्हायोलिन वाजतं, दोन-तीन पट्ट्यांत सूर लागतात. चर्चमध्ये मिस्सा केव्हाच कोकणीत झाली आहे, तिथे लॅटिन क्वचितच कानावर पडते. इथे मात्र म्हणणारा लॅटिनमधून एकेक नाव घेतो, आणि उघड्या अंगणात उभी असलेली शेजारपाजारची माणसं, मुलं, म्हाताऱ्या, सगळे एका सुरात ‘ओरा प्रो नोबिस’ म्हणतात: आमच्यासाठी विनंती कर. हे शिकवायला कुणी फादर आलेले नसतात. प्रार्थना संपली की उकडलेले चणे वाटतात.